सतरावा छेद

साताऱ्याहून सकाळी सहाला सुटलेली सांगली गाडी नागठाण्याच्या पुढे आली तेव्हा कंडक्टरनं धोंडिराम बनसोडेच्या तिकिटावर चिमटा दाबला आणि नेमकी त्याच क्षणी गाडी खड्ड्यात गेली. भोक मधे पडायचं ते कडेला पडलं. तेही पुरतं पडलं नाही. कापलेला कागद कडेबाहेर एक बारीक दात काढून लटकत राहिला. कंडक्टर पुढच्या बाकाकडे सरकला. धोंडिरामनं अंगठ्याच्या नखानं तो दात आत दाबला आणि कड सरळ करून टाकली. असल्या कामाला त्याच्या हाताला डोक्याची परवानगी लागत नसे. कड छान झाली. मग अंगठा तिथंच थांबला, आणि जानेवारीच्या थंडीत, खिडकीची काच कधीच न लागणाऱ्या त्या गाडीत, त्याच्या मानेवर घाम आला. सतरा नंबर. सतराव्या छेदातही असाच एक दात होता. तोही त्यानं असाच आत दाबला होता. आणि आज अकरा वाजता त्या कागदावर भरवसा ठेवून सांगलीत भाऊसोंची मांडी कापणार होते.

धोंडिराम ट्रेसर होता. ट्रेसर म्हणजे स्वतःचं काहीही न काढता जन्मभर काढत राहणारा माणूस. कालव्यांच्या ऑफिसात इंजिनियर लोक पेन्सिलीनं नकाशा करत, त्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरून धोंडिराम तोच नकाशा शाईत उतरवी, आणि खाली सही साहेबाची होई. पण एक काम त्याचं स्वतःचं होतं. जमिनीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतलेले असत, पाव कापल्यासारखे. ते एकापुढे एक मांडून त्यांतून टेकडी वरून कशी दिसेल, किती खोल, किती उंच, हे रेघांनी दाखवायचं. आयुष्यात न पाहिलेली टेकडी कागदावर उभी करायची. यात त्याचा हात धरणारा साताऱ्यात दुसरा कुणी नव्हता, असं सगळे म्हणत. फक्त भाऊसो म्हणत नसत. भाऊसो हेड ड्राफ्ट्समन होते, म्हणजे धोंडिरामचे सव्वीस वर्षांचे वरिष्ठ. धोंडिरामचा बाप छप्पन सालानंतर गाव सोडून साताऱ्यात आला होता आणि पोराला ऑफिसात चिकटवताना त्याला एकच धास्ती होती, की तिथं जात विचारतील. भाऊसोंनी ती कधी विचारली नाही. त्यांनी कुणालाच शाबासकी दिली नाही, ब्राह्मणाला नाही, मराठ्याला नाही, बौद्धाला नाही. ही समता घटनेला अपेक्षित होती का, याबद्दल धोंडिरामला अधूनमधून शंका येई. तो नकाशा घेऊन गेला की भाऊसो चष्मा कपाळावर सरकवत, कागदाला नाक लावत, आणि कुठंतरी बोट ठेवून म्हणत, "हितं हात हलला तुझा." आणि तिथं हात हललेला असे. हीच तर खरी पंचाईत होती.

रिटायर होऊन भाऊसो सांगलीला आपल्या घरी गेले त्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, धोंडिरामनं नारळ दिला, आणि घरी येऊन तो बायकोला म्हणाला, सुटलो. पुढचे सहा महिने त्याला कळेना की रेघ मारून झाल्यावर कागद न्यायचा कुणाकडं. नवीन हेड ड्राफ्ट्समन प्रत्येक कागदाला छान म्हणे. आणि गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी आंतरदेशीय पत्र आलं, छापल्यासारख्या अक्षरात: रजा काढून येणे, काम बारीक आहे. काम म्हणजे भाऊसोंच्या उजव्या मांडीत, मागच्या बाजूला, आत खोल, एक गाठ झाली होती, आणि ती कॅन्सरची होती.

सांगलीचे धवल डॉक्टर वयानं तरुण आणि वाचनानं नादिष्ट. परदेशात म्हणे आता स्कॅनची चित्रं कॉम्प्युटरमधे घालतात आणि आतली गाठ आहे त्या मापाची, आहे त्या जागी पेशंटच्या अंगावर उमटवतात. डॉक्टरला कातडीच्या पलीकडचं दिसल्यासारखं होतं, मग किती कापायचं आणि कुठं थांबायचं हे चाचपडत ठरवावं लागत नाही. तो कॉम्प्युटर घ्यायचा तर डॉक्टरांना दवाखाना विकावा लागला असता, आणि मग तो ठेवायला जागा उरली नसती. पण त्यांच्याकडे भाषणाला वापरायचा एक प्रोजेक्टर होता. पारदर्शक कागद वर ठेवला की चित्र भिंतीवर पडतं तसा. समोर आरसा टांगला तर तेच चित्र खाली टेबलावर पडेल, मापात बसवता येईल. प्रश्न एवढाच होता की स्कॅनमधे निघणाऱ्या आडव्या छेदांतून वरून दिसणारी गाठ काढणार कोण. डॉक्टर हे सगळं भाऊसोंच्या खाटेपाशी उभं राहून, बहुधा त्यांना धीर देण्यासाठी सांगत होते. भाऊसोंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमाला कॉम्प्युटर न्हाई पायजे, ट्रेसर पायजे. माझ्याकडं एक हाय. बरा हाय.

तो 'बरा' धोंडिरामला डॉक्टरांकडून कळला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून.

गाडी उंब्रजला थांबली, सुटली. धोंडिरामच्या हातात ते तिकीट होतंच. त्याला आठवत होतं की आधी त्यानं आणि डॉक्टरांनी दुधी भोपळ्यावर प्रयोग केला होता. भोपळ्यात एक काचेची गोटी खुपसली, वरून चार शिशाचे छर्रे चिकटवले, कारण छर्रे स्कॅनमधे पांढरे दिसतात आणि नंतर त्या चार ठिपक्यांवर चार ठिपके बसले की चित्र जागेवर बसलं असं समजायचं. धोंडिरामच्या भाषेत ते बेंचमार्क. स्कॅनवाल्याला रजिस्टरमधे पेशंटचं नाव लिहिणं भाग होतं. त्यानं लिहिलं, श्री. भोपळे, वय चार दिवस. मग डॉक्टरांनी उजेडातल्या रेघेबरहुकूम भोपळा कापला आणि गोटी अलगद बाहेर आली, सुरी कुठंही तिला लागली नाही. डॉक्टर लहान पोरासारखे हसले. धोंडिराम हसला नाही, कारण त्याला आतून काहीतरी वर येत होतं आणि ते हसू आहे का दुसरं काही याची खात्री नव्हती. जन्मभर काढलेल्या टेकड्या त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी रेघ काढली तिथं वस्तू निघाली होती.

भोपळा जागचा हलत नाही. मांडीही फारशी हलत नाही, म्हणून तर डॉक्टरांनी हे धाडस मांडीवर आरंभलं. पोटात सगळं श्वासाबरोबर खालीवर होतं म्हणे. भाऊसोंच्या मांडीवर छर्रे लावून स्कॅन झाला, कातडीवर चार ठिपके न पुसणाऱ्या शाईनं गोंदले, आणि धोंडिराम एकतीस छेदांच्या फिल्मा घेऊन साताऱ्याला आला. घरी खिडकीच्या काचेवर फिल्म चिकटवायची, माप घ्यायचं, कागदावर उतरवायचं. बायको, माया, पहिल्या दिवशी म्हणाली, कुणाच्या मांडीकडं बघत बसलाय एवढं. भाऊसोंच्या, म्हणाल्यावर त्या खिडकीशी चहा ठेवायचं तिनं बंद केलं. डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट चारदा सांगितली होती. गाठीच्या आतल्या अंगाला करंगळीएवढी जाड नस आहे, रक्ताची नाही, पाय हलवणारी, मांडीतून खाली पावलापर्यंत जाते. गाठ नसेपासून बोटभर लांब असेल तर गाठ काढून पाय वाचवता येईल. नसेला भिडली असेल तर बहुतेक पाय खुब्यापासून काढावा लागेल, कारण थोडीशी जरी मागं राहिली तरी ती परत येते आणि मग माणूस राहत नाही. धोंडिरामनं मान डोलावली होती. मान डोलावणं आणि ऐकणं यांत फरक आहे, हे त्याला आत्ता कराडच्या पुलावर कळत होतं.

एक ते सोळा, गाठीची कड कशी गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. अठरा ते एकतीस, तशीच. सतरात आतल्या अंगाला, नसेच्या दिशेनं, एक दात. मोठा नाही, तांदळाच्या दाण्याएवढा असेल फिल्मवर. त्यानं तो पाहिला, पेन्सिलीचा ठिपकाही दिला. मग शाईची वेळ आली. फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणदार रेघा ओढायची पट्टी, त्यानं सोळाच्या ठिपक्यावर लावला, अठराच्या ठिपक्यावर टेकवला, आणि सतराला बाहेर ठेवून एका दमात रेघ ओढली. विचार केला नाही. विचार फार वर्षांपूर्वी भाऊसोंनी करून ठेवला होता: एकाच छेदात उंचवटा आला तर तो डोंगर नसतो, मोजणीची साखळी धरणाऱ्या चेनमनला शिंक आलेली असते. रेघ अशी देखणी आली की त्यानं तिच्याकडे लांबून, जवळून, पुन्हा लांबून पाहिलं. पेन्सिलीचा ठिपका खोडला. खोडरबराची वळी फुंकून टाकली. ती फुंकर त्याला आता आठवली, ओठांच्या आकारासकट.

आणि तो कागद घेऊन तो चार दिवसांपूर्वी सांगलीला गेला, तेव्हा भाऊसोंनी हट्ट धरला की तपासल्याशिवाय कागद ऑपरेशन थेटरात जाणार नाही. स्वतःच्या गाठीचा नकाशा ते दवाखान्याच्या खाटेवर मांडीवर उशी घेऊन, पट्टी लावून, तासभर तपासत बसले. गोदावरीकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मोसंबी सोलून बसल्या होत्या, ती वाळली. धोंडिराम उभा होता, ऑफिसात उभा राही तसाच, हात मागं बांधून. कुठं बोट ठेवतात याची वाट बघत. भाऊसोंनी बोट कुठंच ठेवलं नाही. कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही केली, तारीख घातली, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ह्या येळंला रेघ जमली." परतीच्या गाडीत धोंडिरामला बसायला जागा मिळाली नव्हती आणि तो इस्लामपूरपर्यंत उभा आहे हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

कराड स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले. तो बसून राहिला आणि त्याला ज्योतिबा दिसायला लागला. ज्योतिबा शिराळ्याचा, त्यांच्या ऑफिसातला चेनमन. पाटणच्या बाजूला एका लहानशा कालव्याचं मोजमाप चाललं होतं, श्रावण होता, आणि नागपंचमीला गावी जायचं म्हणून ज्योतिबा आठ दिवस आधीपासून रजेचा अर्ज घेऊन फिरत होता. त्रेचाळिसाव्या छेदात उंचवटा आला. भाऊसो म्हणाले, ह्याचं ध्यान नागाकडं हाय, पट्टी कुठं धरली ह्याला ठावं न्हाई. धोंडिरामनं कर्व्ह लावला. ज्योतिबा गावाहून आल्यावर टेबलाशी येऊन उभा राहिला होता. सायेब, थितं खडक हाय. मी शिंकलो न्हवतो. सगळे हसले होते. धोंडिरामही हसला होता, कारण त्या दिवशी हसणाऱ्यांत असणं बरं वाटत होतं. दोन वर्षांनी तिथं सुरुंगाशिवाय न फुटणारा खडक लागला. कालवा त्या जागी अजून कोपरात वाकल्यासारखा वळतो. फायलीत कारण लिहिलं गेलं: अनपेक्षित भूस्तर. ज्योतिबाला कुणी काही म्हणालं नाही, आणि भाऊसोंनीही खडकाचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त त्यानंतर ज्योतिबा छेद सांगताना आकडा दोनदा सांगू लागला आणि दुसऱ्यांदा सांगताना धोंडिरामकडं बघू लागला.

पण हा खडक नसेल. फिल्मवर बोटाचा डाग असेल. धुताना राहिलेला थेंब असेल. डॉक्टरांनीही ती फिल्म पाहिली होती, स्कॅनवाल्यानं रिपोर्ट दिला होता, त्यात दाताचं नाव नव्हतं. एवढे शिकलेले लोक गप्प असताना ट्रेसरनं तोंड उघडायचं कारण काय? आणि उघडलं तर? दात खरा निघाला तर तो नसेकडे जातो. म्हणजे पाय. धोंडिरामच्या एका वाक्यानं भाऊसोंचा पाय जाणार, खुब्यापासून. न बोलला तर पाय राहणार, काकू त्याला जेवायला वाढणार, आणि भाऊसो सगळ्यांना सांगणार की माझा पाय बनसोडेच्या रेघेनं वाचवला. आणि गाठीतला तो तांदळाएवढा दाणा आत राहणार, कुणालाही माहीत नसलेला. म्हणजे, एक माणूस सोडून. त्याला वाटलं, गाडी इथंच बंद पडावी. लगेच वाटलं, बंद पडली तर कागद दवाखान्यात आहेच, आपल्यावाचून दुसरं कुणीतरी चार ठिपक्यांवर चार ठिपके बसवेल. ते काय अवघड आहे. शाळेतलं पोरही बसवेल. त्यानं तिकीट घडी घालून खिशात ठेवलं, काढलं, पुन्हा बघितलं. दाबून बसवलेला दात गाडीच्या हादऱ्यांनी परत वर आला होता.

पेठ सोडून गाडी आत वळली आणि उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत सापडली. कारखान्याचे दिवस. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, बैल ऐकत नसत. त्यांना कुठं अकराला पोचायचं होतं. इस्लामपूरला पोचेपर्यंत सव्वानऊ. तो उतरला, स्टँडवरच्या एसटीडीत शिरला, दवाखान्याचा नंबर फिरवला. मनात वाक्य तयार होतं, लहान होतं, नऊ-दहा शब्दांचं. पलीकडून खुद्द धवल डॉक्टरांचा आवाज आला, उल्हसित: बनसोडे, कुठं आहात, कोल्हापूरहून दोन सर्जन बघायला आलेत, आरसा बसवून झाला, भाऊसो सकाळपासून विचारतायत. धोंडिरामच्या तोंडून आलं, येतोय, वेळेवर येतोय. छान, म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. बाहेर कंडक्टर घंटी देत होता. आष्ट्यापर्यंत धोंडिराम ते नऊ-दहा शब्द मोजत बसला; दर वेळी एक कमी भरे.

सांगलीत उतरून तो रिक्षानं दवाखान्यात पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते. वरच्या मजल्याच्या बोळात भाऊसोंची ट्रॉली भिंतीशी लावून ठेवली होती. हिरवी चादर, डोक्याला हिरवी टोपी. टोपीमुळे भाऊसो कधी नव्हे ते कुणाच्या तरी हाताखालचे दिसत होते. एका बाजूला गोदावरीकाकू, पायाशी दवाखान्यातल्या हरणाबाई ट्रॉलीचा दांडा धरून, बोलावणं आलं की ढकलायच्या तयारीत. काकूंनी विचारलं, गाडी लागली का रं, तोंड का असं. भाऊसो म्हणाले, "उशीर केलास."

धोंडिरामनं हात मागं बांधले. मग सोडले.

"भाऊसो, सतरा नंबरात दात हुता. मी पुसला."

भाऊसो छताकडे बघत राहिले. छताला एक भेग होती, ती भिंतीपर्यंत वेडीवाकडी गेली होती.

"ठावं हाय," ते म्हणाले.

धोंडिरामला आधी वाटलं, इंजेक्शनमुळे बोलतायत.

"सही करतो ती झोपंत न्हाई करत मी. सतराचा दात मला दिसला हुता. तुज्या रेघंत न्हवता. म्हटलं, शिकला शेवटी. एका छेदाला भुलला न्हाई."

म्हणजे शाबासकी रेघेची नव्हतीच. पुसण्याची होती. धोंडिरामला त्याचं त्यालाच नवल वाटलं, की दुखतंय कमी आणि मोकळं जास्त वाटतंय.

"आवं, पर खडक असला तर?"

"कंचा खडक?"

"ज्योतिबाचा."

काकूंनी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. चादरीच्या टोकाशी उजव्या पावलाची बोटं हलली, एकदा, दोनदा, जणू भाऊसो ती आहेत का तपासत होते. हरणाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"पाय जाईल माजा," भाऊसो म्हणाले. तक्रार नव्हती, छेदाचा आकडा सांगावा तसं.

"व्हय."

"आन तू गप बसला असतास तर?"

"पाय ऱ्हायला असता. तुमी न्हाई."

हे आपण बोललो यावर धोंडिरामचा विश्वास बसायला वेळ लागला. काकूंचा हात ट्रॉलीच्या कडेवर घट्ट झाला. आतून कुणीतरी हरणाबाईंना हाक मारली, पेशंट आणा म्हणून. हरणाबाई हलल्या नाहीत. दवाखान्यात बावीस वर्षं काढलेली बाई; कुठली हाक ऐकायची हे तिला कळत होतं.

"फिल्म आण जा," भाऊसो म्हणाले. "आन माजा चष्मा."

चष्मा काकूंच्या पिशवीत होता, फिल्मा थेटराच्या दारातल्या टेबलावर. धोंडिरामनं त्या कुणाला न विचारता उचलल्या. ट्रॉली खिडकीपाशी सरकवली. ऊन काचेवर होतं. भाऊसोंनी पडल्या पडल्या सतरा नंबर उजेडाला धरला, मग अठरा धरला. अठरात काही नाही, म्हणाले. मग सोळा. बराच वेळ सोळा.

"हितं बघ," भाऊसोंनी बोट ठेवलं. "सोळातबी हाय. पुसट. सावलीवानी. सतरात दाट झालीय."

होती. पाहायचं म्हटल्यावर होती.

"एका छेदात असतं तर शिंक म्हटलं असतं," भाऊसो हळू म्हणाले. "लागोपाठ दोन छेदांत कोण शिंकत न्हाई." आणि थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं, "मला बघायचं न्हवतं, दुसरं काय."

कागद आणला. कोरा करून काढायला वेळ नव्हता. त्यावरच दुरुस्ती करायची. धोंडिरामनं खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला, आतल्या अंगाची ती देखणी रेघ स्पिरिटच्या बोळ्यानं सोळापासून अठरापर्यंत पुसली. पुसली गेली ती सहज. इतकी सहज की त्याला तिचा राग आला. पिशवीत हात घातला तसं भाऊसो म्हणाले, "फ्रेंच कर्व्ह आणलायस?" आणलाय, म्हणाला. "पिशवीतच ऱ्हाऊ दे." मग त्यानं नुसत्या हातानं, फिल्मवरून मापं घेत, जसा होता तसा तो दात काढला. रेघ कापत गेली. दोन ठिकाणी जाड झाली. शाळेतल्या पोरानं काढल्यासारखी दिसत होती आणि तो ती नीट करायला गेला नाही. हे थांबणं हे त्याच्या हातानं आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम असावं; मनगटात कळ आली. भाऊसोंनी पेन मागितलं. आपली जुनी सही आडवी रेघ मारून खोडली आणि खात्याच्या नियमाप्रमाणे शेजारी लिहिलं: दुरुस्ती तपासली. सही, तारीख. अक्षर मात्र छापल्यासारखंच.

धवल डॉक्टर दारात येऊन उभे होते, किती वेळ कोण जाणे. त्यांनी कागद घेतला, सोळा आणि सतरा घेतले, उजेडाला धरले. चेहऱ्यावरचा उल्हास उतरत गेला आणि खाली एक थकलेला, हुशार माणूस दिसायला लागला. मला ही जागा खटकली होती, ते म्हणाले. रिपोर्टमधे काही नव्हतं, मग म्हटलं तुमचा नकाशा येऊ दे. नकाशा आला, तो इतका सुबक होता की मला माझ्याच शंकेची लाज वाटली. मग ते भाऊसोंकडे वळले आणि गाठीच्या आणि पायाच्या, दोन्ही संमतीपत्रांवर सह्या आहेत ना, असं काहीतरी म्हणू लागले. भाऊसोंनी त्यांना पुरं करू दिलं नाही.

"दोन्हीवर हायत. दिसंल ते कापा, डॉक्टर. न दिसणारं कापू नका."

काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हरणाबाईंनी ट्रॉली ढकलली.

थेटरात धोंडिरामला हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं. चष्म्यावर वाफ धरत होती. भूल दिल्यावर भाऊसोंना पालथं घातलं. मांडीचा तेवढा चौकोन उघडा राहिला आणि तो कुणाचाही असू शकला असता. मोठे दिवे मंद केले. धोंडिरामनं प्रोजेक्टर लावला, आरशातून उजेड खाली आला, आणि त्यानं कागद सूतभर इकडे, सूतभर तिकडे सरकवत चार ठिपके चार गोंदलेल्या ठिपक्यांवर बसवले. बसले. कातडीवर गाठ उमटली, आतून वर आल्यासारखी. कोल्हापूरचे दोघे सर्जन पुढे झुकले. प्रोजेक्टरच्या पंख्यामुळे सगळं चित्र बारीक थरथरत होतं, आणि त्यात तो दात सगळ्यात जास्त. कुणी म्हणालं, रेघ हलतेय. हलू दे, डॉक्टर म्हणाले.

मग किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. डॉक्टरांनी कापत नेलं तसं चित्र कातडीवरून मांसावर आलं, वाकलं, ओलं झालं; मधून मधून ते हात थांबवत आणि धोंडिराम ठिपके पुन्हा जुळवी. त्याचं लक्ष एकाच जागेवर होतं आणि त्या जागेबद्दल त्याला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या: तिथं काही नसावं, आणि आपण काढलंय ते खरं असावं. डॉक्टरांचं बोट तिथं पोचलं. आत गेलं. थांबलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. डॉक्टरांनी मान वर केली नाही. धोंडिरामनं प्रोजेक्टरची कड धरली. ती तापली होती, तरी सोडली नाही. बोट आत फिरत होतं, अगदी सावकाश, अंधारात कडी शोधावी तसं. मग डॉक्टर कोल्हापूरवाल्यांना हळू आवाजात सांगू लागले. नस दोन पदरांची असते. दात बाहेरच्या पदराला चिकटलाय. आतला मोकळा आहे, मधे बोट जातंय. दोघांपैकी वडीलधारे सर्जन म्हणाले, पाय घ्यावा लागेल असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, मलाही. त्यांचं बोट पुन्हा एकदा आत फिरलं, आणि तेवढ्या वेळात धोंडिरामनं मनातल्या मनात भाऊसोंचा पाय दोनदा कापला आणि दोनदा जोडला. बाहेरचा पदर घेतो, डॉक्टर म्हणाले शेवटी. पाऊल उचलता येणार नाही. पण पाय राहील. दात कुठपर्यंत आहे ते कळतंय म्हणून. कळलं नसतं तर मी वरून कापून निघून गेलो असतो. हे शेवटचं ते कुणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं. गाठ बाहेर आली ती ट्रेमधे ठेवली. एका अंगाला तिला तांदळापेक्षा मोठा, चिंचोक्याएवढा दात होता. धोंडिरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिला विचार आला तो असा, की थोडा बारीकच काढला आपण.

मे महिन्यात तो सांगलीला गेला तेव्हा नवा स्कॅन होऊन गेला होता आणि त्यात काही निघालं नव्हतं. सध्या तरी, असं डॉक्टर म्हणत. भाऊसोही तेवढंच म्हणत. काकूंनी सकाळीच अंगण सारखं करून पाणी मारलं होतं. भाऊसो काठी घेऊन फाटकापर्यंत त्याला घ्यायला आले आणि त्याच्या पुढे परत निघाले. उजवं पाऊल उचलत नव्हतं. अंगठा मातीत घासत येत होता, आणि मागं एक रेघ उठत होती, फाटकापासून पायरीपर्यंत, मधेच खोल, मधेच पुसट, एका जागी तुटलेली. पायरीशी पोचून भाऊसो दम खायला थांबले, मागं वळले, आणि चष्मा कपाळावर सरकवून ती रेघ न्याहाळू लागले. धोंडिराम हात मागं बांधून उभा राहिला. मग त्याला राहवलं नाही. तुटलेल्या जागी चप्पल टेकून माती सारखी करायला तो पुढं झाला. भाऊसोंनी काठी आडवी धरली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जशी आलीय तशी."